लशीचा धोका आणि साथीतले मृत्यू : वादातला आकडा कसा तपासावा

२०२२ सालच्या मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात कोविड लशीचा धोका आणि साथीतले मृत्यू यांविषयीच्या वादाचे सगळे धागे एकत्र आले होते. २ मे रोजी सर्वोच्च न्यायालयाने कोविड लसीकरणाच्या सक्तीविषयी निकाल दिला. ३ मे रोजी केंद्र सरकारने २०२० सालच्या जन्म-मृत्यू नोंदणीचा अहवाल प्रसिद्ध केला. ५ मे रोजी जागतिक आरोग्य संघटनेने २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत जगभरात सुमारे १ कोटी ४९ लाख अतिरिक्त मृत्यू, म्हणजे साथ नसती तर झाले असते त्यांहून जास्त मृत्यू, झाल्याचा अंदाज जाहीर केला आणि त्यांपैकी सुमारे ४७ लाख मृत्यू एकट्या भारतातले असल्याचे सांगितले. भारत सरकारच्या दप्तरी २०२१ अखेर कोविडमुळे झालेले मृत्यू होते सुमारे ४ लाख ८१ हजार. देश एक, काळ एक, आणि आकड्यांत जवळजवळ दसपटीचे अंतर. सरकारने संघटनेच्या पद्धतीवर तीव्र आक्षेप घेतला, आणि घराघरांत ज्याने त्याने आपल्या आधीच्या मताला सोयीचा आकडा उचलला.

असा आकडा किंवा लशीविषयीचा एखादा दावा समोर आला असता त्याची छाननी कोणत्या क्रमाने करावी, ते पुढे लिहिले आहे. त्यासाठी संख्याशास्त्राचे शिक्षण लागत नाही. कागद, पेन, शाळेत शिकलेले त्रैराशिक आणि धीर एवढे पुरते. धीर हा शब्द मी मुद्दाम वापरला आहे, कारण ज्यांच्या घरातले माणूस गेले त्यांच्यासाठी हा विषय नुसत्या हिशेबाचा राहत नाही. माझे धाकटे मामा एप्रिल २०२१ मध्ये तालुक्याच्या गावी घरातच गेले. चार दिवस ताप, मग खोकला, मग धाप. तपासणी होण्याआधीच सगळे संपले, त्यामुळे कोविडच्या कोणत्याही यादीत ते कधी आले नाहीत. पुढचे सारे लिहिताना त्यांची आठवण माझ्या मनात आहे.

आधी दावा एका वाक्यात लिहून काढा

चित्रफीत असो, वर्तमानपत्रातली बातमी असो की व्हॉट्सॲपवर फिरणारा मजकूर, त्यातला मूळ दावा आपल्या हाताने एका वाक्यात उतरवावा. कोण मेले किंवा कोणाला अपाय झाला, कुठे, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, आणि ही मोजणी कोणी केली, या चार गोष्टी त्या वाक्यात याव्यात. यांपैकी एकही गोष्ट मूळ मजकुरात सापडत नसेल तर तेथे रिकामी जागा सोडावी आणि ती भरल्याशिवाय पुढे जाऊ नये. मला आलेल्या बहुतेक मजकुरांची तपासणी इथेच संपली. 'लशीमुळे हजारो तरुण दगावले' या वाक्यात देश नव्हता, वर्ष नव्हते आणि लशीचे नावही नव्हते. 'लस शंभर टक्के सुरक्षित आहे' या वाक्याचीही तीच गत होती, आणि ते वाक्य अधिकारपदावरच्या माणसांनीही उच्चारलेले आहे.

लशीचे नाव असणे विशेष महत्त्वाचे आहे. तरुण पुरुषांमध्ये क्वचित होणारा हृदयाच्या स्नायूचा दाह हा प्रामुख्याने फायझर आणि मॉडर्ना यांच्या एमआरएनए लशींशी जोडला गेलेला दुष्परिणाम आहे, आणि भारताच्या सार्वजनिक मोहिमेत या दोन्ही लशी वापरल्या गेल्या नाहीत. आपल्याकडे प्रामुख्याने पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटची कोविशील्ड आणि भारत बायोटेकची कोव्हॅक्सिन दिली गेली. तरीही अमेरिकेतल्या चित्रफितींना मराठी निवेदन जोडून त्या कोविशील्डविषयी असल्याप्रमाणे फिरवल्या गेल्या.

मृत्यूचा आकडा कोणत्या वहीतून आला

साथीतल्या मृत्यूंविषयी बोलताना चार वेगवेगळ्या वह्यांतले आकडे एकमेकांत मिसळले जातात. हा लेख वाचणाऱ्याने इतर काही लक्षात ठेवले नाही तरी चालेल, पण या चार वह्या वेगळ्या ठेवायला शिकावे.

पहिली वही रोजच्या कोविड अहवालाची. रुग्णाची चाचणी झाली, ती सकारात्मक आली, तो रुग्णालयात किंवा आरोग्य यंत्रणेच्या नजरेखाली दगावला आणि जिल्ह्याने ते राज्याला कळवले, म्हणजे या वहीत एक आकडा वाढतो. साखळीतला एक दुवा तुटला की माणूस गळतो. ही गळती कशी होते ते बिहारमध्ये उघड दिसले. पाटणा उच्च न्यायालयाने विचारणा केल्यानंतर झालेल्या फेरतपासणीत, ९ जून २०२१ रोजी त्या राज्याचा एकूण आकडा सुमारे ५,४०० वरून थेट ९,४२९ वर गेला. महाराष्ट्रानेही त्याच सुमारास जुने, राहून गेलेले हजारो मृत्यू टप्प्याटप्प्याने यादीत मिळवले. त्यामुळे एखाद्या दिवसाच्या आलेखात अचानक उंच खांब दिसला तर त्या दिवशी एवढी माणसे गेली असे समजू नये. ती जुनी नोंद त्या दिवशी दप्तरात आली असण्याची शक्यता आधी तपासावी.

दुसरी वही जन्म-मृत्यू नोंदणीची. १९६९ च्या कायद्याप्रमाणे प्रत्येक मृत्यू एकवीस दिवसांच्या आत नोंदवायचा असतो, मग तो कशानेही झालेला असो. इथे कारणाचा वाद येत नाही, नुसती संख्या असते, आणि म्हणूनच ती मोलाची आहे. २०१८ मध्ये देशात ६९.५ लाख, २०१९ मध्ये ७६.४ लाख, २०२० मध्ये ८१.२ लाख आणि २०२१ मध्ये सुमारे १ कोटी २ लाख मृत्यू नोंदले गेले. या मालिकेचे दोन्ही बाजूंनी वाचन करता येते, आणि प्रामाणिक वाचकाने ते करावे. २०१९ ते २०२० ही वाढ सुमारे पावणेपाच लाखांची आहे, पण साथ नसताना २०१८ ते २०१९ मध्येही जवळजवळ सात लाखांची वाढ झाली होती, कारण नोंदणीचे प्रमाण दरवर्षी सुधारत होते. सरकारने नेमका हाच मुद्दा मांडला आणि तो रास्त होता. मात्र २०२० ते २०२१ या एका वर्षातली सुमारे एकवीस लाखांची उडी नोंदणी सुधारल्याने झाली असे म्हणता येत नाही, कारण २०१९ मध्येच नोंदणीचे प्रमाण सुमारे ९२ टक्क्यांवर पोहोचले होते आणि उरलेले आठ टक्के भरून निघाले असते तरी एवढी उडी झाली नसती. त्या वर्षी पहिल्या वहीत कोविडचे मृत्यू होते सुमारे ३ लाख ३२ हजार. २०२१ चा हा नोंदणी अहवाल प्रत्यक्षात मे २०२५ मध्ये लोकांसमोर आला. तीन वर्षांहून अधिक काळाचा हा विलंब मला अत्यंत खेदाचा वाटतो, कारण वाद सर्वांत तापलेला होता त्या काळात वाद मिटवू शकणारी वही बंद होती.

तिसरी वही वैद्यकीय कारणांच्या प्रमाणपत्रांची. रुग्णालयात मृत्यू झाल्यास डॉक्टर नमुना ४ भरतात आणि घरी झाल्यास, शेवटच्या आजारात उपचार करणारा डॉक्टर असेल तर, नमुना ४ अ भरला जातो. त्यात तात्कालिक कारण, त्यामागचे कारण आणि मुळाशी असलेले कारण अशी उतरती ओळ असते, आणि मधुमेहासारखे हातभार लावणारे आजार वेगळ्या भागात लिहायचे असतात. 'कोविडने गेला की कोविड असताना गेला' हा वाद इथे सुटतो किंवा बिघडतो. तात्कालिक कारण 'हृदयक्रिया बंद पडणे' एवढेच लिहून फॉर्म पुरा केला तर मुळाचे कारण कायमचे हरवते, कारण हृदयक्रिया तर प्रत्येक मृत्यूत बंद पडते. २०२० मध्ये नोंदलेल्या मृत्यूंपैकी केवळ २२.५ टक्के मृत्यूंना असे प्रमाणपत्र होते. २०२१ मध्ये, जेमतेम २३ टक्के मृत्यूंचे कारण प्रमाणित झाले असतानाही, त्यांत कोविड हे कारण असलेले मृत्यू सुमारे ४ लाख १३ हजार निघाले, म्हणजे पहिल्या वहीतल्या त्या वर्षाच्या आकड्यापेक्षा जास्त. सरकारच्याच दोन वह्या इथे एकमेकींशी जुळत नाहीत, आणि हे कळण्यासाठी परदेशी संस्थेच्या अंदाजाची गरज पडत नाही.

चौथी वही अतिरिक्त मृत्यूंच्या अंदाजाची. साथ आली नसती तर किती माणसे गेली असती याचा अंदाज मागील वर्षांवरून बांधायचा, प्रत्यक्ष मृत्यूंतून तो वजा करायचा आणि उरेल ते अतिरिक्त. या संख्येत कोविडने गेलेले येतात, तसेच टाळेबंदीत डायलिसिस न मिळाल्याने किंवा खाट न मिळाल्याने गेलेलेही येतात. उलट रस्ते ओस पडल्यामुळे अपघातांतून वाचलेले त्यातून वजा होतात. म्हणून 'संघटना म्हणते ४७ लाख लोक कोविडने मेले' हे वाक्य चुकीचे आहे. अंदाज असल्यामुळे त्याला खालची आणि वरची मर्यादाही असते: भारतासाठी ती सुमारे ३३ लाख ते ६५ लाख होती. संपूर्ण देशाची मासिक माहिती हाती नसल्याने संघटनेने सतरा राज्यांच्या उपलब्ध माहितीवरून देशाचा अंदाज बांधला, आणि भारताचा मुख्य आक्षेप या पद्धतीवरच होता. इतर संशोधकांनी निराळ्या पद्धतींनी केलेले अंदाज पाहिले तर जानेवारी २०२२ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आलेल्या अभ्यासाने जून २०२० ते जुलै २०२१ या काळात कोविडचे सुमारे ३२ लाख मृत्यू सांगितले, आणि मार्च २०२२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या अभ्यासाने दोन वर्षांसाठी सुमारे ४१ लाख. आकडे वेगवेगळे असले तरी सगळे लाखांच्या एकाच पट्ट्यात पडतात. पद्धती भिन्न असूनही दिशा एक असेल तर त्या दिशेवर अधिक विश्वास ठेवावा, आणि नेमक्या आकड्यावर कमी.

याखेरीज एक पाचवा आकडा चर्चेत आला, तो नुकसानभरपाईच्या अर्जांचा. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर मृतांच्या वारसांना पन्नास हजार रुपये देण्याचे ठरले आणि चाचणी सकारात्मक आल्यापासून तीस दिवसांत झालेला मृत्यू कोविडचा धरला जाऊ लागला. २०२२ च्या सुरुवातीला न्यायालयासमोर आलेल्या माहितीत गुजरातच्या यादीत मृत्यू होते सुमारे दहा हजार, तर अर्ज होते ८९ हजारांहून अधिक. महाराष्ट्रात अर्ज दोन लाखांवर गेले आणि यादीत मृत्यू होते सुमारे १ लाख ४२ हजार. हे वाचून अर्ज म्हणजेच खरे मृत्यू असे मानू नये, कारण त्यांत दुबार अर्ज असतात, व्याख्येच्या बदलाने पात्र ठरलेले असतात, आणि बनावट अर्जांविषयी न्यायालयानेच नंतर चिंता व्यक्त केली. पण दोन राज्यांतले अंतर एवढे वेगळे का, हा प्रश्न वहीत टिपून ठेवण्यासारखा निश्चितच आहे.

ज्यांना स्वतः पडताळून पाहायचे आहे त्यांनी आपल्या ग्रामपंचायतीकडे किंवा नगरपालिकेच्या आरोग्य विभागाकडे माहितीच्या अधिकारात २०१५ पासूनची महिनावार मृत्युसंख्या मागावी. नावे मागू नयेत, फक्त संख्या मागावी. २०१५ ते २०१९ या पाच वर्षांच्या एप्रिल महिन्यांची सरासरी काढून तिच्याशेजारी एप्रिल २०२१ ठेवावा. मात्र मृत्यूची तारीख आणि नोंदणीची तारीख यांत गल्लत होऊ देऊ नये, आणि शहरातल्या मोठ्या रुग्णालयाचा परिसर असेल तर बाहेरगावचे मृत्यूही तिथेच नोंदले जातात हे ध्यानात ठेवावे. पुण्यातल्या आकड्यात सातारा आणि नगरची माणसे असतात, आणि तेवढीच ती आपल्या गावच्या वहीत नसतात.

छेद कोणता, ते विचारा

दर काढताना खाली कोणती संख्या घेतली यावर सगळे अवलंबून असते. जुलै २०२० मध्ये मुंबईच्या तीन विभागांत रक्तातील प्रतिपिंडांची पाहणी झाली तेव्हा झोपडपट्टीतल्या सुमारे ५७ टक्के आणि इतर वस्तीतल्या सुमारे १६ टक्के लोकांना संसर्ग होऊन गेल्याचे आढळले. चाचणीत सापडलेल्या रुग्णांनी मृत्यूंना भागले तर येणारा दर आणि प्रत्यक्ष संसर्ग झालेल्यांनी भागले तर येणारा दर यांत म्हणूनच अनेक पटींचा फरक पडतो. आजार अतिभयंकर होता असे म्हणणारा आणि काहीच नव्हता असे म्हणणारा, दोघेही एकाच शहराचा दर सांगत असू शकतात.

लशीच्या बाबतीत हीच चूक फार फसवी असते. समजा, एका गावात साठीच्या पुढचे दहा हजार लोक आहेत. त्यांपैकी नऊ हजारांनी लस घेतली आणि एक हजारांनी घेतली नाही. साथीत लस घेतलेल्यांपैकी अठरा आणि न घेतलेल्यांपैकी दहा जण गेले. 'मेलेल्यांत ६४ टक्के लस घेतलेले' हा मथळा अक्षरशः खरा आहे, आणि तरीही लस न घेतलेल्यांत हजारी दहा मृत्यू झाले व घेतलेल्यांत हजारी दोन. गावातल्या जवळजवळ सर्वांनीच लस घेतलेली असली की दगावणाऱ्यांतही त्यांची संख्या मोठी दिसणारच.

लशीनंतर की लशीमुळे

१७ सप्टेंबर २०२१ रोजी देशात एका दिवसात सुमारे अडीच कोटी मात्रा दिल्या गेल्या. आपल्या देशात वर्षाला हजारी सुमारे सहा माणसे नेहमीच्या कारणांनी जातात. अडीच कोटी माणसांच्या कोणत्याही गटाला हा ढोबळ दर लावला तर लशीत नुसते पाणी असते तरी पुढच्या सात दिवसांत त्यांपैकी जवळपास २,९०० माणसे गेली असती. त्या प्रत्येक घरात 'परवा लस घेतली आणि आज गेले' हे वाक्य उच्चारले गेले असते, आणि ते खोटे नसते. म्हणून अशा घरातल्या माणसाला कधीही खोटे पाडू नये. त्याने पाहिलेला क्रम खरा आहे, कारणाचा शोध मात्र अजून बाकी आहे.

हा शोध घेण्याची एक ठरलेली पद्धत आहे. लसीकरणानंतर घडलेल्या प्रत्येक गंभीर घटनेला एईएफआय (लसीकरणानंतरची प्रतिकूल घटना) म्हणून नोंदवतात आणि समिती तिचे कारण ठरवते: लशीच्या घटकामुळे, लशीच्या दर्जातील दोषामुळे, देण्यातील चुकीमुळे, सुईच्या धास्तीमुळे, निव्वळ योगायोगाने, किंवा पुराव्याअभावी अनिश्चित. दावा वाचताना तो यांपैकी कोणत्या कप्प्यात बसतो हे विचारावे. जानेवारी २०२१ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात बारा बालकांना पोलिओच्या थेंबांऐवजी हात निर्जंतुक करण्याचे द्रव्य पाजले गेले. बालके सुदैवाने बरी झाली. तो पोलिओच्या लशीचा दोष नव्हता, देण्यातली अक्षम्य चूक होती, आणि तिची जबाबदारी निश्चित होणे आवश्यकच होते.

या कप्प्यांची किंमत कशी मोजावी लागली, त्याचा इतिहास मुंबईच्या परळशी जोडलेला आहे. जीवाणुशास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस तयार करून १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. पुढे ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुलकोवाल गावी १०७ लोकांना लस टोचली गेली आणि त्यांपैकी १९ जण धनुर्वाताने गेले. हे सगळे एकोणीस जण एकाच बाटलीतून टोचलेले होते; बाकीच्या बाटल्यांतून लस घेतलेल्यांना काही झाले नाही. लस बनवणाऱ्या परळच्या प्रयोगशाळेने निर्जंतुकीकरणाची पद्धत बदलून कार्बोलिक आम्लाचा वापर सोडला होता, म्हणून ठपका तिच्यावर आणि हाफकिन यांच्यावर आला व त्यांना पदावरून दूर व्हावे लागले. बाटली उघडणाऱ्या सहायकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करता वापरला गेला होता, ही बाब चौकशीत होती. तरी रोनाल्ड रॉस यांच्यासह अनेक शास्त्रज्ञांनी जाहीरपणे आवाज उठवल्यावरच, १९०७ मध्ये हाफकिन निर्दोष ठरले. 'बाकीच्या बाटल्यांचे काय झाले' हा प्रश्न तेव्हा ज्या जोराने विचारला जायला हवा होता, त्याच जोराने आजही विचारावा: त्याच दिवशी, त्याच केंद्रावर, त्याच बॅचची लस घेतलेल्या इतरांचे काय झाले?

तपासणी दोन्ही दिशांनी चालते हेही नमूद करतो. मार्च २०२१ मध्ये लस घेतलेल्या एका ६८ वर्षांच्या गृहस्थांचा तीव्र ॲलर्जीने झालेला मृत्यू राष्ट्रीय समितीने लशीमुळेच झाल्याचे मान्य केले. लस घेतल्यावर अर्धा तास केंद्रावर बसवून ठेवतात ते याच धोक्यासाठी. कोविशील्डनंतर, म्हणजे अॅस्ट्राझेनेका कंपनीच्याच लशीच्या भारतात बनलेल्या रूपानंतर, क्वचित होणाऱ्या, प्लेटलेट कमी होऊन रक्ताच्या गुठळ्या होण्याच्या विकाराविषयी युरोपच्या औषध नियामकाने ७ एप्रिल २०२१ रोजीच संबंध जाहीर केला होता, आणि १७ मे २०२१ रोजी भारताच्या समितीने ४९८ गंभीर घटनांच्या अभ्यासातून रक्ताच्या गुठळ्यांच्या २६ संभाव्य घटना, म्हणजे दहा लाख मात्रांमागे ०.६१, असे प्रमाण सांगितले. त्याच वेळी ब्रिटनचे प्रमाण चार आणि जर्मनीचे दहा असल्याचेही सरकारने नमूद केले. आपल्याकडचा धोका खरोखर कमी होता, की सीटी स्कॅन आणि रक्ततपासणी न झाल्याने काही घटना सापडल्याच नाहीत, हा प्रश्न वाचकाने विचारला पाहिजे. २०२४ च्या एप्रिलअखेरीस अॅस्ट्राझेनेकाने ब्रिटनच्या न्यायालयात हा दुष्परिणाम मान्य केल्याची बातमी आली, तेव्हा तीन वर्षांपूर्वीची गोष्ट नव्याने उघड झाल्यासारखी पसरली आणि असंख्य लोक घाबरले. हा विकार लस घेतल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांतच होतो. २०२१ मध्ये मात्रा घेतलेल्या माणसाला २०२४ मध्ये त्याची भीती बाळगण्याचे कारण नव्हते. एवढे एक वाक्य त्या आठवड्यात ठळकपणे सांगितले गेले असते तर किती घरांतली झोप वाचली असती!

सुरक्षितता आणि संमती हे दोन प्रश्न वेगळे ठेवा

तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या खम्मम जिल्ह्यात आणि गुजरातमधल्या वडोदरा जिल्ह्यात २००९-१० मध्ये मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरची एचपीव्ही लस देण्याचा प्रकल्प राबवला गेला. सात मुलींचे मृत्यू झाल्यावर तो एप्रिल २०१० मध्ये थांबवण्यात आला. चौकशीत या मृत्यूंचा लशीशी संबंध आढळला नाही. सर्पदंश, बुडणे, हिवताप, विषप्राशन अशी कारणे पुढे आली. परंतु त्याच चौकशीत, आणि २०१३ मध्ये संसदीय समितीच्या अहवालात, आदिवासी मुलींच्या पालकांऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांनी संमतिपत्रांवर सह्या केल्याचे उघड झाले. 'लशीने मुली मारल्या' म्हणणारे चुकले, आणि 'लशीचा दोष नाही, म्हणजे काहीच चुकले नाही' म्हणणारे त्याहून अधिक चुकले. या उदाहरणाचा मला फार उपयोग झाला आहे, कारण लशीविरुद्ध बोलणाऱ्या माणसाचा राग पुष्कळदा लशीवर नसतोच. त्याला कोणी विचारले नाही, यावर असतो.

२ मे २०२२ च्या निकालाचेही असेच अर्धे-अर्धे वाटप झाले. कोणावरही लस घेण्याची सक्ती करता येणार नाही आणि त्या वेळच्या परिस्थितीत लस न घेतलेल्यांवरचे निर्बंध समर्थनीय नाहीत, असे न्यायालयाने म्हटले. तसेच सरकारचे लसीकरण धोरण अवाजवी किंवा मनमानी नाही, असेही म्हटले. दुष्परिणामांची नोंद सामान्य माणसाला आणि खासगी डॉक्टरांना करता यावी आणि ती लोकांना पाहता यावी, असा आदेशही त्यात होता. ज्याने यातला एकच भाग तुम्हाला पाठवला, त्याच्याकडे उरलेला भाग मागावा.

अभ्यासाचे नाव घेतले तर त्याची चौकट पाहा

तरुणांच्या अचानक मृत्यूंविषयी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने केलेला अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात १८ ते ४५ या वयाच्या, वरकरणी निरोगी असलेल्या आणि ऑक्टोबर २०२१ ते मार्च २०२३ या काळात अचानक गेलेल्या ७२९ जणांची तुलना तशाच २,९१६ जिवंत व्यक्तींशी केली होती. लसीकरणाने अचानक मृत्यूचा धोका वाढल्याचे दिसले नाही, दोन मात्रा घेतलेल्यांत तो कमी दिसला. कोविडमुळे रुग्णालयात दाखल झालेले असणे, कुटुंबात असा मृत्यू झालेला असणे, मृत्यूच्या आदल्या एक-दोन दिवसांत अति मद्यपान किंवा अतिश्रमाचा व्यायाम करणे यांनी धोका वाढलेला दिसला. तुलनेसाठी दुसरा गट आहे, म्हणून हा अभ्यास नुसत्या मृतांच्या यादीपेक्षा कितीतरी भक्कम आहे. पण तो साठीच्या माणसांविषयी, किंवा २०२१ च्या पहिल्या सहामाहीविषयी काही सांगत नाही, आणि मृत व्यक्तीची माहिती नातेवाइकांच्या आठवणीतून आलेली आहे. अभ्यास जेवढे सांगतो तेवढेच त्याच्या तोंडी घालावे.

आपल्या घरातली नोंद

लशीनंतर त्रास झाल्यास तो लस देणाऱ्या केंद्राला किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्याला लेखी कळवावा आणि पोच घ्यावी. लशीचे नाव, बॅच क्रमांक, तारीख, वेळ, त्रास सुरू झाल्याची वेळ आणि चालू असलेली इतर औषधे एवढे त्यात लिहावे. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद करणाऱ्या राष्ट्रीय यंत्रणेच्या १८००-१८०-३०२४ या विनाशुल्क क्रमांकावरही रुग्णाला स्वतः तक्रार देता येते. मृत्यू झाला असेल आणि कारणाविषयी शंका असेल तर शवविच्छेदनाची मागणी त्या दु:खाच्या घडीतच करावी लागते. ही गोष्ट सांगायलाही जड जाते, पण नंतर ती संधी परत येत नाही, आणि समितीच्या 'अनिश्चित' या कप्प्यात पडणाऱ्या घटनांमागे पुराव्याचा हाच अभाव असतो.

मृत्यूचा दाखला हाती आला की त्यावर कारण शोधू नये. कायद्याप्रमाणे त्यावर कारण छापले जात नाही. कारण असते ते डॉक्टरांच्या प्रमाणपत्रात, आणि त्याची प्रत जवळच्या नातेवाइकाने मागून घ्यावी. त्यावर केवळ 'हृदयक्रिया बंद पडणे' लिहिलेले असेल तर मुळाचे कारण लिहिण्याची विनंती तेथेच, नम्रपणे करावी. मामांच्या वेळी आम्हांला यातले काहीच ठाऊक नव्हते. शेवटी गावच्या वहीत त्यांचे नाव, वय आणि तारीख एवढे लिहिले गेले, आणि २०२१ च्या त्या एक कोटी दोन लाखांत ते मोजले गेले आहेत.